विचारायचं राहून गेलेलं

पिट्युटरीच्या गाठीचा पेशंट पिट्युटरीची तक्रार घेऊन कधीच येत नाही. तो चष्म्याच्या दुकानात जातो. बाई असेल तर पाळी चुकते म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते. कुणी शुगरसाठी येतो, कुणी गुडघ्यांसाठी, कुणी नुसता थकवा सांगतो. नाकाच्या मागे, कवटीच्या तळाशी हाडाच्या एका खोबणीत ही वाटाण्याएवढी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची ग्रंथी असते. थायरॉइड, अ‍ॅड्रिनल, बीजांडकोश, वृषण, उंची, अंगावरचं दूध, शरीरातलं पाणी, या सगळ्यांवर तिचा ताबा. त्यामुळे तिच्यात गाठ झाली की लक्षणं लांब लांब उमटतात आणि वेगवेगळ्या डॉक्टरांच्या फायलींत वाटली जातात.

मोठ्या शहरात असं होणं समजू शकतं. तालुक्याच्या गावी फिजिशियन एकच असतो, आणि आमच्या गावात बरीच वर्षं तो मी होतो. सगळ्या फायली माझ्याच कपाटात होत्या. तरी मला त्यातली लक्षणं जुळवता आली नाहीत. नेहमीच असं झालं असं नाही; काही पेशंट वेळेत ओळखले. त्यांच्याबद्दल मी डॉक्टरांच्या सभांमध्ये बोललो आहे. ज्यांना ओळखलं नाही त्यांच्याबद्दल कुठेच बोललो नाही, म्हणून हे लिहितो आहे. माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत. चुका बदललेल्या नाहीत.

टेम्पोवाल्यापासून सुरुवात करतो, कारण त्याने मला निदान जवळजवळ सांगितलंच होतं. २००३ साल. चाळिशीचा माणूस, रात्री भाजीपाला भरून पुण्याच्या मार्केट यार्डात न्यायचा. कपाळ आणि डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणून आला. जाता जाता म्हणाला, "डॉक्टर, हल्ली आरसा घासतोय बगा गाडीचा. दोन्हीकडचा." मी रक्तदाब पाहिला, भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. त्याने दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ वाचली. नजर चांगली आहे, झोप होत नाही, रात्रीच्या फेऱ्या कमी करा, असं सांगून अर्धशिशीच्या गोळ्या दिल्या.

भिंतीवरचा तक्ता फक्त समोरची नजर तपासतो. पिट्युटरीच्या बरोबर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेद देतात. तिथे ओलांडून जाणारे तंतू बाहेरच्या बाजूचं दृश्य वाहून नेतात, उजव्या डोळ्याचं उजवीकडचं आणि डाव्याचं डावीकडचं. गाठ खालून वर वाढली की आधी हेच तंतू दाबले जातात. माणसाला समोरचं स्वच्छ दिसतं, कडेचं जातं. तिथे काळोख दिसत नाही, म्हणून ते गेल्याचं त्याचं त्यालाही कळत नाही. आरसा घासला की मगच कळतं. हे तपासायला यंत्र लागत नाही. पेशंटसमोर हातभर अंतरावर बसायचं, एक डोळा झाकायला सांगायचं, माझ्या नाकाकडे बघ म्हणायचं आणि बाजूने बोटं हलवत आत आणायची. विद्यार्थी असताना मी हे शेकडो पेशंटांवर केलं होतं. प्रॅक्टिसमध्ये आल्यावर ते माझ्या हातातून कधी सुटलं ते मला सांगता येणार नाही.

पुढच्या खेपेला त्याची बायको बरोबर होती. ती म्हणाली, "ह्यांची दाढी बी वाढंना आताशा." त्याने तिला गप्प केलं. तिला आणखी काही सांगायचं होतं आणि त्याला ते चारचौघांत नको होतं, हे कुणालाही दिसलं असतं. माझ्या तपासणीच्या खोलीत तेव्हा कायम तीनचार माणसं असायची. एक टेबलावर, एक स्टुलावर, एक दाराशी. वेळ वाचतो म्हणून ती पद्धत मीच लावलेली. बाकीच्यांना बाहेर काढून त्याला एकच प्रश्न विचारला असता, तर कळलं असतं की दीड-दोन वर्षं नवराबायकोत संबंध उरलेला नाही. पुरुषाची इच्छा जाणं, दाढी मंदावणं, कपाळ दुखणं आणि दोन्ही आरसे घासणं. या चार गोष्टी कागदावर एकाखाली एक लिहिल्या असत्या तर पुस्तक उघडायचीही गरज नव्हती.

मग अपघात झाला. गल्लीतून सायकलवर आलेला एक मुलगा त्याच्या टेम्पोखाली सापडला. पाय मोडला, जीव वाचला. "पोरगं दिसलंच न्हाई," एवढंच हा सांगत राहिला. लोक म्हणाले प्यायला असणार. तो पीत नव्हता, हे मला माहीत होतं. पोलिसांनी नजरेचं प्रमाणपत्र मागितलं आणि मी लिहून दिलं: दोन्ही डोळ्यांची दृष्टी सामान्य. त्याला मदत करतोय असंच मला वाटत होतं. त्या कागदाचा अर्थ असा झाला की मुलगा त्याला दिसला होता आणि तरीही त्याने ब्रेक लावला नाही.

काही महिन्यांनी एका शिबिरात नेत्रतज्ज्ञाने त्याच्या कडेने बोटं फिरवली. एमआरआयमध्ये साडेचार सेंटिमीटरची गाठ निघाली. दहा मिलिमीटरच्या वरच्या गाठीला मोठी म्हणतात.

इथवर आल्यावर तरी मी सावध व्हायला हवं होतं. त्याचं प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावरच्या दुधाचं हार्मोन, तपासलं, १४० आलं. पिट्युटरीच्या गाठींमध्ये प्रोलॅक्टिन तयार करणारी गाठ सर्वांत जास्त आढळते, आणि ती बहुतेक वेळा गोळ्यांनी आक्रसते. पण एवढी प्रचंड गाठ प्रोलॅक्टिनची असती तर आकडा हजारांत हवा. १४० म्हणजे गाठ दुसरीच कसलीतरी आहे आणि ग्रंथीचा देठ दाबल्यामुळे प्रोलॅक्टिन थोडं वाढलंय, असं मी ठरवलं. तर्क पुस्तकात आहे, चुकीचा नाही. मी त्यांना ठामपणे सांगितलं की डोक्याची शस्त्रक्रिया लागणार, पैशाची तयारी ठेवा. त्याने अर्धा एकर विकला.

मुंबईच्या सरकारी रुग्णालयातल्या अंतःस्रावी ग्रंथींच्या डॉक्टर बाईंनी रिपोर्ट पाहिला आणि प्रयोगशाळेला एकच सूचना दिली: नमुना शंभर पट पातळ करून पुन्हा तपासा. आकडा दहा हजारांच्या पुढे गेला. रक्तात प्रोलॅक्टिन बेसुमार असलं की चाचणीतली दोन्ही प्रतिपिंडं वेगवेगळीच भरून जातात, त्यांची जोडी जमत नाही आणि यंत्र छोटा आकडा दाखवतं. मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं एक वेळ ठीक. पण गाठीचा आकार आणि आकडा जुळत नाहीत हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि मी कुणालाही फोन केला नाही.

शस्त्रक्रिया झालीच नाही. कॅबरगोलिनची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी, आठवड्यातून दोनदा, पुढे मात्रा वाढवत नेली. काही आठवड्यांतच त्याला कडेचं दिसायला लागलं. वर्षभरात गाठ निम्म्याहून लहान झाली, दाढी परत आली. डाव्या डोळ्याची नस मात्र पांढरी पडली होती. त्या बाजूची नजर पुरती परतली नाही आणि टेम्पो सुटला. मी नवं प्रमाणपत्र दिलं, न्यायालयात उभा राहून सांगितलं की आधीच्या तपासणीत कडेची नजर पाहिलीच नव्हती. त्याचा त्याला उपयोग झाला. पाय मोडलेल्या मुलाचे वडील त्या दिवशी बाकावर बसलेले होते. त्यांच्याशी बोलायचं माझ्याकडून राहिलं.

आमच्या भागात सांधेदुखीवर पुड्या मिळतात. त्यात काय असतं ते देणारा सांगत नाही, बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. पुड्या घेणाऱ्यांचे चेहरे गोल, लालसर होतात, पोट सुटतं, हातपाय बारीक होतात. हे इतकं पाहिलं होतं की तसा चेहरा दारातून आत आला की मी आधी पुडीचंच विचारायचो. तिशीतली एक शेतमजूर बाई अशीच आली. रक्तदाब, शुगर, पोटावर जांभळे रुंद ओरखडे, जरा लागलं की काळंनिळं. खुरपायला बसली की हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नव्हतं. पुडी घेत नाही, म्हणाली. मी तिच्या सासूसमोर म्हणालो, "खोटं बोलू नका, चेहरा सांगतोय."

पुढचं जवळजवळ वर्ष घरातले लोक तिच्यावर पाळत ठेवून होते. सासू उशीखाली पुड्या शोधायची. शेवटी कंबर धरली, एक्स-रे काढला, मणका दबलेला निघाला.

भांडण सकाळच्या एका रक्ततपासणीने मिटलं असतं. बाहेरून स्टेरॉइड घेणाऱ्याचं शरीरातलं स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, सहसा तळाला जातं. तिचं भरपूर होतं. रात्री अकराला डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी आठला पुन्हा पाहिलं, तरी उतरलं नाही. हार्वी कुशिंग यांनी १९३२ साली वर्णन केलेला आजार होता तो. पिट्युटरीतली गाठ एसीटीएच जास्त बनवते आणि अ‍ॅड्रिनलला सतत कामाला लावते. तिची गाठ इतकी बारीक होती की एमआरआयमध्ये दिसली नाही. ग्रंथीतून रक्त वाहून नेणाऱ्या दोन्ही बाजूंच्या शिरांतून मुंबईला नमुने काढले, तेव्हा पिट्युटरीवर शिक्कामोर्तब झालं आणि शस्त्रक्रियेत गाठ सापडली. बाई बरी झाली. मी तिच्या सासूला बोलावून सांगितलं की ही खरं बोलत होती, चूक माझी. सासू म्हणाली, "आमाला तुमी सांगितलं म्हून आमी मानलं." गावात डॉक्टरचा शब्द किती दूर जातो हे मला तेव्हा कळलं.

बुवांना मी दर महिन्याला पाहत होतो, आणि तीच अडचण झाली. भजनी मंडळात पेटी वाजवायचे, गायचेही. शुगर, रक्तदाब, गुडघे, घोरणं, रात्री हाताला मुंग्या. एकेका तक्रारीला माझ्याकडे एकेक गोळी होती. मुंग्यांसाठी मनगटाची शस्त्रक्रियाही करून घेतली. एकदा ते म्हणाले, दोन काळ्या पट्ट्यांच्या मधे बोट अडकतं आता, एकाला दाबायला जावं तर दोन सूर लागतात. मी म्हणालो, वजन कमी करा.

नव्याने दवाखाना टाकलेल्या एका दंतवैद्य मुलीने ते ओळखलं. कवळी बसत नाही म्हणून बुवा तिच्याकडे गेले होते. तिने चिठ्ठी पाठवली: खालचा जबडा पुढे आला आहे, जीभ मोठी आहे, कृपया वाढीच्या हार्मोनची तपासणी करावी. चिठ्ठी वाचली तेव्हा मला आधी राग आला, हे लिहायला हवं. मग मी बुवांना त्यांचा जुना फोटो आणायला सांगितला. मंडळाच्या पंचविसाव्या वर्षाचा, चौकटीतला फोटो होता. फोटोतला माणूस आणि समोर बसलेला माणूस सख्खे भाऊही वाटले नसते. भुवयांचं हाड, नाक, ओठ, हनुवटी, सगळं जाड झालं होतं. दहा वर्षं हळूहळू झालेला बदल, आणि तो मी महिन्याच्या हप्त्यांनी पाहिला होता. पिएर मारी यांनी १८८६ साली पॅरिसमध्ये या आजाराला अ‍ॅक्रोमेगाली हे नाव दिलं, हे मी एम.डी.च्या परीक्षेत लिहिलं होतं.

निदान अवघड नव्हतं. आयजीएफ-१ वाढलेलं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजल्यावर निरोगी माणसाचं वाढीचं हार्मोन खाली जातं, त्यांचं गेलं नाही. शस्त्रक्रिया म्हणजे कवटी उघडणार, या भीतीने घरातले रडायला लागले. नाकातून जाऊन पिट्युटरीची गाठ काढायची वाट हर्मान श्लोफर यांनी इन्सब्रुकला १९०७ सालीच दाखवली होती, आता तर दुर्बिणीने करतात, असं समजावलं. बुवांचा प्रश्न वेगळा होता: आवाजाचं काय होईल? आजारानेच तो जाड केलाय, हे त्यांना तेव्हा कळलं.

गाठ काढली, पण तिचा एक भाग मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीला बिलगलेला होता, तो ठेवावा लागला. मग महिन्याचं ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन आलं. ते त्या घराला परवडणारं नव्हतं. काही महिने मंडळाने वर्गणी काढली, नंतर रेडिएशन दिलं. त्याचा परिणाम दिसायला वर्षं लागतात. बोटांची सूज उतरली, अंगठी सैल झाली, शुगरच्या गोळ्या निम्म्यावर आल्या. वाढलेली हाडं तशीच राहतात. आणि हृदय. एवढ्या वर्षांत ते मोठं होऊन थकलं होतं. बुवा त्यानेच गेले, पासष्टीच्या आत. निदान पाच वर्षं आधी झालं असतं तर गाठ रोहिणीपर्यंत पोचली नसती असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

एक चूक उलट्या दिशेची आहे. २०१६ मध्ये एमआरआय जिल्ह्याच्या गावी सहज मिळू लागला होता, आणि इतकं चुकल्यावर मी आता पिट्युटरी कुठेही सुटू द्यायची नाही असं ठरवून बसलो होतो. चोवीस वर्षांची मुलगी, बँकेच्या परीक्षा देणारी, साखरपुडा झालेला. पाळी लांबलेली, छाती दाबली तर दुधासारखं पाणी. प्रोलॅक्टिन ९६. मी लगेच एमआरआय करायला लावला. चार मिलिमीटरचा ठिपका आला.

तिचे वडील रिपोर्ट घेऊन आले. मी व्हरांड्यातच त्यांना म्हणालो, "पिट्युटरीत ट्यूमर आहे, पण छोटा आहे, साधा आहे, गोळीने बरा होतो." माझ्या मते मी धीर दिला होता. त्यांनी एकच शब्द ऐकला. संध्याकाळपर्यंत तो दोन्ही घरांत पोचला होता. मेंदूत गाठ, मग मूल होणार नाही, मग आयुष्य किती. आठवडाभरात लग्न मोडलं.

पुण्यातल्या तज्ज्ञाने तिला पहिला प्रश्न विचारला: कोणती औषधं चालू आहेत? मुलीने पर्समधून पाकीट काढलं. अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल, तिच्यात लेव्होसल्पिराइड. परीक्षेच्या काळात पोट फुगायचं म्हणून मीच लिहून दिली होती. औषधाच्या दुकानातून ती जुन्या चिठ्ठीवर घेत राहिली. हे औषध डोपामिनला अडवतं, आणि प्रोलॅक्टिनला आवर घालतं ते डोपामिनच. डॉम्पेरिडोनही तेच करतं, मनोविकारांवरची काही औषधंही. प्रोलॅक्टिन वाढलेलं दिसलं की आधी गरोदरपण, थायरॉइड आणि चालू औषधं पाहायची असतात, एमआरआय त्यानंतर. कॅप्सूल थांबली, काही आठवड्यांनी प्रोलॅक्टिन १४ आलं, पाळी सुरळीत झाली. आणि तो ठिपका? दहा धडधाकट माणसांचे एमआरआय काढले तर साधारण एकाच्या पिट्युटरीत असं काहीतरी सापडतं आणि आयुष्यभर काही करत नाही. वर्षाने पुन्हा पाहिला, तेवढाच होता.

ती माझ्याकडे आली, एकटी. शांतपणे म्हणाली, "सर, गोळीचं समजू शकते. पण रिपोर्ट माझा होता. मला न सांगता बाबांना का सांगितलंत?" वडिलांनी फाइल हातात घेतली होती, एवढंच कारण होतं. मी ते सांगितलं. ते कारण नव्हे, हे तिला कळत होतं आणि मलाही.

बाईंबद्दल आतापर्यंत लिहिलं नाही. हे २००८ चं आहे, क्रमाने आधी यायला हवं होतं.

त्या आमच्या गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. माझी दोन्ही मुलं त्यांच्या हाताखाली शिकली. कडेची नजर कमी झाली म्हणून आल्या आणि या वेळी मी बोटं फिरवून ते ओळखलं. एमआरआयमध्ये अडीच सेंटिमीटरची गाठ, कोणतंही हार्मोन न बनवणारी. अशा गाठी नुसत्या जागा खातात आणि निरोगी ग्रंथीला दाबून टाकतात. शस्त्रक्रियेची तारीख ठरली, मधे दोन आठवडे होते. शल्यविशारदांनी हार्मोनच्या सगळ्या तपासण्या करून ठेवा म्हणून लिहिलं होतं.

थायरॉइडचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. टी-४ बरंच कमी, टीएसएच नॉर्मल. पिट्युटरीच खचलेली असते तेव्हा टीएसएच वाढत नाही, आणि नुसतं टीएसएच पाहणारे फसतात. मी फसलो नाही, याचा मला आनंद झाला. कॉर्टिसॉलचा नमुना पुण्याला गेला होता, रिपोर्ट यायला वेळ होता. बाई थकलेल्या होत्या, जेवण जात नव्हतं, थंडी वाजायची, सोडियम १२४. सर, म्हणजे त्यांचे यजमान, म्हणाले, तोवर काही शक्तीचं देता येईल का? मी थायरॉक्सिन सुरू केलं, शंभर मायक्रोग्रॅम.

पिट्युटरीची गाठ असलेल्या माणसाला आधी स्टेरॉइड द्यायचं असतं, मग थायरॉक्सिन. थायरॉक्सिनने शरीराचा वेग वाढतो, कॉर्टिसॉल लवकर संपतं आणि गरज वाढते. निरोगी माणसात पिट्युटरी एसीटीएच वाढवते आणि अ‍ॅड्रिनल ते भरून काढते. बाईंची पिट्युटरी ते करू शकत नव्हती. हा क्रम मी विसरलो नव्हतो. वाक्य म्हणून ते मला येत होतं. टी-४ चा कागद समोर होता, कॉर्टिसॉलचा नव्हता, आणि समोर असलेल्या कागदावर मी उपचार केला.

आठवड्याच्या आत उलट्या सुरू झाल्या. पहाटे त्यांना आणलं तेव्हा रक्तदाब हाताला लागत नव्हता, हातपाय गार, शुगर ५०. मी सलाइन लावलं, ग्लुकोज दिलं, रक्तदाब वाढवणारी औषधं चढवली. पोटाचा संसर्ग असेल म्हणून प्रतिजैविक दिलं. हायड्रोकॉर्टिसोनच्या व्हायली माझ्या कपाटात होत्या, दम्याच्या पेशंटांसाठी ठेवलेल्या. शंभर मिलिग्रॅम शिरेतून द्यायला मिनिट लागत नाही आणि चुकून दिलं तरी एका डोसाने नुकसान होत नाही. मला ते सुचलं तेव्हा दोन तास उलटून गेले होते. दिलं. बाई दुपारी गेल्या.

कॉर्टिसॉलचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला: १.८. सकाळचं एवढं कमी कॉर्टिसॉल म्हणजे शरीरात काहीच शिल्लक नव्हतं.

तेराव्यानंतर मी सरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. थायरॉइडची गोळी, क्रम, कपाटातली व्हायल. ते बराच वेळ रिपोर्ट वाचत राहिले. म्हणाले, "म्हणजे इंजेक्शन तुमच्याकडे होतं." मी हो म्हणालो. त्यांनी सगळ्या कागदांच्या प्रती मागितल्या, मी दिल्या. तक्रार करायची असेल तर कुठे करायची तेही सांगितलं. त्यांनी केली नाही. का केली नाही, हे मी विचारलं नाही. ते विचारणं माझं काम नव्हतं.

काही महिन्यांनी त्यांचा निरोप आला. तुमच्याकडे अशा आजाराचे आणखी कोण कोण आहेत? त्यांच्या घरच्यांना इंजेक्शनचं माहीत आहे का? माहीत नव्हतं. पुड्यांचा आरोप मी जिच्यावर केला होता ती बाई शस्त्रक्रियेनंतर बराच काळ स्टेरॉइडवर होती. नाकातून शस्त्रक्रिया झालेले इतर काहीजण कायमचे गोळ्यांवर होते. ताप आला तर डोस दुप्पट करायचा, उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शन घ्यायचं, गोळी एक दिवसही आपल्या मनाने बंद करायची नाही, हे मी प्रत्येकाला एकदा तोंडी सांगितलं होतं. बहुतेकांच्या ते लक्षात नव्हतं.

मी खिशात ठेवायच्या कार्डाचा मजकूर लिहून सरांकडे पाठवला. सुरुवात आजाराच्या नावाने केली होती, मग शस्त्रक्रियेची तारीख, मग औषधं. त्यांनी तो लाल शाईने तपासून परत केला. इंजेक्शनची ओळ तळाला होती, ती त्यांनी सगळ्यांत वर नेली: "मी बेशुद्ध असेन किंवा मला उलट्या होत असतील तर आधी हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम द्या, रिपोर्टची वाट पाहू नका." समासात लिहिलं होतं, रात्री घाबरलेला माणूस पहिली ओळच वाचतो. 'अधिवृक्क' हा माझा शब्द खोडला होता. अक्षर मोठं करा, असंही होतं.

पेशंट म्हणून ते माझ्याकडे पुन्हा आले नाहीत. रक्तदाबासाठी शेजारच्या गावी जातात. कार्डं संपून नव्याने छापायची वेळ आली तेव्हा मजकूर मी पुन्हा त्यांच्याकडेच पाठवला. त्यांनी खाली एक ओळ वाढवली: गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी नव्या आणून ठेवा.